निवळीच्या बीपासून शेवाळापर्यंत

पावसाळ्यात खानदेशातल्या नद्यांचे पाणी गढूळ असते आणि ते लवकर निवळत नाही. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी या साऱ्या नद्या काळ्या जमिनीचा गाळ घेऊन वाहतात. या मातीचे कण अतिशय बारीक असतात. त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी हंड्यात रात्रभर ठेवले तरी तळाला बसत नाहीत. नळयोजना येण्यापूर्वी मृगापासून पोळ्यापर्यंतचे दिवस नदीकाठच्या गावांना याच पाण्यावर काढावे लागत. त्यामुळे पाणी निवळणे हे दळण-कांडणासारखेच घरातले रोजचे काम होते आणि बहुतेक ठिकाणी ते बायकांकडेच असे.

या कामाची साधने घरात किंवा रानात मिळणारी होती. दुपदरी फडके, तुरटीचा खडा, शेवग्याचे वाळलेले बी आणि निवळीचे बी. निवळी हे मध्य आणि दक्षिण भारतातल्या पानझडी जंगलांतले झाड. त्याचे बी गुंजेपेक्षा मोठे, चपटे आणि टणक असते. ते रांजणाच्या खरबरीत आतल्या बाजूला घासत, किंवा सहाणेवर थोड्या पाण्यात उगाळून ते पाणी रांजणात ढवळत. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली चिखलाचा थर दिसे. वरचे पाणी तांब्याने हलक्या हाताने काढून घेत आणि तळाचा गाळ परसात ओतत.

ही रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी स्वच्छ करण्याचे सात उपाय दिले आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळी पहिली येते. गोमेद, कमळाच्या देठाच्या गाठी, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि स्फटिकमणी हे बाकीचे सहा. रत्नांचा उपयोग कोणाला परवडत असेल तो असो. सातांपैकी तीन उपाय मात्र थेट वनस्पतीपासून आलेले आहेत, आणि वस्त्र कापसाचे धरले तर तेही वनस्पतीचेच. यांपैकी फडक्याचा गुण विसाव्या शतकात पूर्णपणे सिद्ध झाला. नारूचा जंतू पाण्यातल्या ज्या सूक्ष्म कवचधारी किड्यात राहतो, तो किडा फडक्यात अडकतो. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले, त्या यशात पाणी गाळून पिण्याच्या मोहिमेचा वाटा मोठा होता.

निवळी आणि शेवगा यांच्या बियांचे काम कसे चालते, हेही आता कळले आहे. शेवग्याच्या बियांतली प्रथिने धनभारित असतात. ती मातीच्या ऋणभारित कणांना चिकटून त्यांचे पुंजके करतात. निवळीच्या बीतले लांब साखळीचे रेणू कणाकणांमध्ये पुलासारखे अडकतात. पुंजका जड झाला की खाली बसतो. सुदानमध्ये नाईलचे पाणी बायका शेवग्याच्याच जातीच्या बियांनी निवळतात, हे १९७० नंतर जगभरच्या जलतज्ज्ञांच्या नजरेला आले आणि या बियांवर संशोधन सुरू झाले. भारतात निवळीवरचे प्रयोग १९७६ पर्यंत छापून आले होते.

पण निवळलेले पाणी आणि निर्धोक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळ दिसतो, म्हणून तो काढण्याची कला सापडली. विरघळलेले शिसे दिसत नाही, त्याला वास नाही, आणि असलीच तर चव किंचित गोडसर. ते काढण्याची गरज आहे, हेच जुन्या काळी कोणाच्या ध्यानात येण्याजोगे नव्हते.

वास्तविक शिसे खानदेशातल्या घरात बरेच होते. पितळेच्या भांड्यांना कल्हई लावताना कथील वापरतात. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांब टेकवून ते वितळले की कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतो. पांढरा धूर उठतो आणि भांडे आरशासारखे होते. शिसे कथलापेक्षा स्वस्त आणि दिसायला तसेच, म्हणून त्याची भेसळ सोपी होती. जाणकार गिऱ्हाईक कांब कानाजवळ धरून वाकवून पाही. शुद्ध कथील वाकताना करकरते. शिसे जास्त मिसळले की तो आवाज जातो. भेसळीच्या कल्हईत ताक, चिंचेचे सार किंवा आमटी ठेवली की आंबटपणाने थोडे थोडे शिसे अन्नात उतरते.

देवळांत शेंदूर होता. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे भस्म. मारुती, म्हसोबा आणि गणपती यांच्या मूर्तींवर पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदराचे लेप चढत गेले. खानदेशातले हजारो भाविक चैत्रात पायी जातात त्या वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा असाच जाड थर २०२२ मध्ये शास्त्रीय पद्धतीने उतरवण्यात आला. लहान देवळांत मात्र कवच सुटले की ते नदीत किंवा विहिरीत सोडण्याची चाल होती. शेंदूर पाण्यात फारसा विरघळत नाही, एवढेच त्यातले सुदैव.

छापखान्यांतले खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत आणि झिजलेले खिळे वितळवून पुन्हा ओतले जात. सराफ पेठेतला वापर सर्वांत विलक्षण होता. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेत. तो पाण्यात धुऊन, उरलेला जड भाग शिशाबरोबर वितळवत. सोने-चांदी शिशात उतरे. मग तो गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून वारा घालत तापवला की शिशाचे मुर्दाडशिंग होई, ते राखेची वाटी शोषून घेई आणि मौल्यवान धातूचा मणी वर उरे. शिसे पकडण्यासाठी प्राणिज वस्तू वापरण्याचे हे जुने आणि पक्के उदाहरण. राखेच्या वाटीत हे शोषण केवळ सच्छिद्रतेमुळे होते. पण हाडातले फॉस्फेट शिशाशी रासायनिक बंधही करते, आणि तो बंध सहसा सुटत नाही. हा गुण ओळखून २०११ च्या सुमारास अमेरिकेतल्या ओकलंड शहरात शिशाने दूषित झालेल्या एका वस्तीच्या मातीत माशांच्या हाडांची भुकटी मिसळण्यात आली. झारेकऱ्याची वाटी वापरानंतर कुठे टाकली जाई याचा विचार मात्र त्या काळी कोणी केला नाही. तिच्यात शिसे गच्च भरलेले असे.

गेल्या पन्नास वर्षांत शिशाच्या वाटा बदलल्या. कल्हई स्टीलने संपवली, खिळे ऑफसेट छपाईने. त्यांची जागा दोन नव्या वस्तूंनी घेतली. पहिली बॅटरी. ट्रक, ट्रॅक्टर आणि रेल्वेचे डबे यांच्याबरोबर ती आलीच होती; दोन हजारनंतरच्या दशकातल्या भारनियमनाने ती इन्व्हर्टरच्या रूपाने जळगाव-धुळ्याच्या घराघरांत पोचली. बॅटरी वापरात असेपर्यंत तिचे शिसे बंद डब्यात असते. ती भंगारात जाऊन फुटते आणि तिच्यातले आम्ल जमिनीवर ओतले जाते, तेव्हा शिसे पाण्यात येते. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यांनी परत घ्याव्यात असा नियम २००१ मध्ये झाला आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक नियम आले. दुसरी वस्तू पीव्हीसी पाइप. १९८० नंतर जळगाव पाइपांचे आणि ठिबक सिंचनाचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. पीव्हीसी तापवताना करपू नये म्हणून त्यात स्थिरक घालावा लागतो, आणि जगभर बराच काळ तो शिशाच्या संयुगांचा असे. अशा उद्योगात धोका भुकटी हाताळताना उडणाऱ्या धुळीचा आणि फरशी धुतलेल्या पाण्याचा. भारत सरकारने २०२१ मध्ये पाइपांतल्या शिशाच्या स्थिरकांवर निर्बंध घालणारे नियम काढले. अनेक उत्पादक त्याआधीच कॅल्शियम-जस्ताच्या स्थिरकांकडे वळले होते.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा केंद्राच्या आधी, १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ चा. आजच्या मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही, आणि पिण्याच्या पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त. कारखान्यातली रूढ पद्धत चुन्याची आहे. पाण्यात चुना किंवा कॉस्टिक घालून त्याचा पीएच ९-१० पर्यंत नेतात, शिसे हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसते, वरचे पाणी पुढे जाते. पद्धत स्वस्त आहे, पण शेवटचे थोडे शिसे पाण्यात रेंगाळते आणि चुना प्रमाणाबाहेर झाला तर बसलेले शिसे पुन्हा विरघळू लागते. जैविक पदार्थांचा विचार सुरू होतो तो या शेवटच्या टप्प्यासाठी.

मलशुद्धीकरणातल्या जिवाणूंचा गाळ धातू पकडतो, ही गोष्ट १९४९ मध्ये अमेरिकेत अणुकचऱ्याच्या निमित्ताने नोंदवली गेली. तिथे प्रश्न प्लुटोनियमचा होता. १९७४ मध्ये तिथल्याच कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी झाडांच्या साली सांडपाण्यातले जड धातू धरतात असे दाखवले. त्यानंतर काही वर्षांतच नागपुरात पी. कुमार आणि एस. एस. दारा यांनी साली आणि कांद्याची टरफले यांवर रासायनिक प्रक्रिया करून तेच काम करून पाहिले. महाराष्ट्रातले हे प्रयोग आज विस्मरणात गेले आहेत. नंतर निघालेल्या शेकडो शोधनिबंधांचा साचा मात्र तोच आहे: एखादे टरफल घ्यायचे, धुवायचे, वाळवायचे, दळायचे आणि धातूच्या द्रावणात ढवळायचे.

शेवाळाचा अध्याय कॅनडात लिहिला गेला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल व्होलेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून समुद्री शेवाळे तपासली. सरगॅसमसारखी तपकिरी शेवाळे शिसे फार चांगले धरतात असे त्यांना आढळले. शिशावरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध १९९४ चा. या शेवाळांच्या पेशीभित्तीत अल्जिनिक आम्ल असते. त्यावरचे कार्बोक्सिल गट एरवी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धरून बसलेले असतात. शिशाचा आयन आला की ते हलके सोबती सोडून शिशाला धरतात. यासाठी शेवाळ जिवंत असण्याची गरज नाही. जिवंत पेशीला शिसे विषारी ठरते, तिला अन्न, उजेड आणि योग्य तापमान लागते. वाळवून दळलेले शेवाळ यांपैकी काही मागत नाही आणि बहुतेक काम तास-दोन तासांत उरकते. पाणी किंचित आम्ल, म्हणजे पीएच ५ च्या आसपास असावे लागते. फार आम्ल पाण्यात हायड्रोजनचे आयन त्याच जागा अडवतात, आणि पीएच ६ च्या पुढे शिसे आपणहूनच खाली बसू लागल्याने शेवाळाचे श्रेय किती हे सांगता येत नाही.

तपकिरी शेवाळ खाऱ्या पाण्यातले. ते रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर मिळते, खानदेशात नाही. खानदेशात मिळते ते विहिरीत आणि पाटचारीत केसांसारखे लोंबणारे हिरवे शेवाळ. यातलीच स्पायरोगायरा ही जात घेऊन रुरकीच्या आयआयटीतील व्ही. के. गुप्ता आणि ए. रस्तोगी यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पीएच ५ ला, १०० मिनिटांत, एक ग्रॅम शेवाळाने सुमारे १४० मिलिग्रॅम शिसे धरले. हा आकडा कागदावर मोठा मोहक दिसतो. सांडपाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसे धरले, तर एक किलो वाळलेले शेवाळ हिशेबाने २८ हजार लिटर पाण्याला पुरेल. प्रत्यक्षात ते तेवढे पुरत नाही. १४० चा आकडा लिटरला २०० मिलिग्रॅम शिसे असलेल्या द्रावणातला आहे. द्रावण पातळ झाले की पकडही कमी होते. शिवाय प्रयोगशाळेतले द्रावण शुद्ध पाण्यात केलेले असते. खानदेशातले भूजल बेसाल्ट खडकातून येते, ते जड असते. त्यात लिटरला शंभर मिलिग्रॅम कॅल्शियम आणि एक मिलिग्रॅम शिसे अशी स्थिती असेल, तर शेवाळाला शिसे कितीही प्रिय असले तरी गर्दीचा परिणाम होतोच.

केळीची कथा जळगावला अधिक जवळची. २०११ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी केळीच्या सालींची भुकटी पाराना नदीच्या पाण्यातले तांबे आणि शिसे काढते, आणि तीच भुकटी अकरा वेळा वापरता येते, असे प्रसिद्ध केले. ही बातमी मराठी वाचकांपर्यंतही पोचली आणि केळीचा जिल्हा म्हणून साहजिकच जळगावचे नाव डोळ्यांपुढे आले. त्यात एक व्यावहारिक विसंगती आहे. रावेर, सावदा, यावल, चोपडा या पट्ट्यातली केळी सालीसकट उत्तरेकडे जातात. साल दिल्लीच्या उकिरड्यावर पडते. जळगावात मागे राहतात ते खांब आणि पाने. सालींचा ढीग इथे फक्त वेफर्स करणाऱ्यांकडे मिळतो. खांबाचे तंतूही धातू धरतात, पण खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि ते वाळवण्याचा खर्च लहान नाही.

बाकीच्या ‘टाकाऊ’ मालाचीही तीच गत. निबंधांत भुईमुगाची टरफले, तुरीची टरफले, पऱ्हाट्या, बाभळीची साल हे सगळे फुकट मिळणारे पदार्थ मानलेले असतात. खानदेशात यांतले काहीही फुकट नाही. भुईमुगाची टरफले भट्टीला जातात, पऱ्हाटी चुलीला आणि आता बायोकोळशाला. जळगावच्या डाळमिलांमधून निघणारी चुनी आणि टरफल गुरांच्या पेंडीत जाते आणि त्याला बारमाही भाव आहे. त्यातूनच खरा धोका उभा राहतो. शिसे शोषलेले तुरीचे टरफल आणि साधे टरफल पोत्यात सारखेच दिसते. एक पोते चुकून गोठ्यात गेले, तर सांडपाण्यातून काढलेले शिसे दुधात उतरायला वेळ लागणार नाही.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले; २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि रासायनिक तंत्रज्ञान यांच्या प्रशाळांमुळे सांडपाणी आणि जड धातू हे विषय जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या विद्यार्थ्यांच्या हाताशी आले. तोवर त्यांना पुणे गाठावे लागे. हाताशी येणे आणि कारखान्याच्या आवारात जाणे यांत मात्र अंतर आहे, आणि ते फक्त इथलेच नाही. अमेरिकेत बायो-रिकव्हरी सिस्टिम्स या कंपनीने क्लोरेला हे शेवाळ सिलिका जेलच्या दाण्यांत बसवून विकायला काढले होते. १९८९ मध्ये त्याची चाचणी पाऱ्याने दूषित भूजलावर, पुन्हा त्याच ओकलंडमध्ये, झाली. माल चालत होता, पण बाजारात टिकला नाही. कारखान्यांनी कृत्रिम रेझिनच पसंत केले, कारण रेझिनचा प्रत्येक दाणा सारखा असतो. शेवाळ ऋतूप्रमाणे बदलते, साल झाडाप्रमाणे.

भरलेल्या शेवाळाचे पुढे काय करायचे, हा प्रश्नही तितकाच जुना. सौम्य नायट्रिक आम्लाने धुतले तर शिसे सुटते आणि शेवाळ पुन्हा वापरता येते. पण मग हातात शिशाचे दाट आम्ल द्रावण राहते, आणि ते बॅटरीच्या शिशाची पुनर्प्राप्ती करणाऱ्या परवानाधारकाकडेच द्यावे लागते. शेवाळ जाळले तर शिशाचा काही भाग धुरात जातो. ते पुरायचे तर घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अधिकृत क्षेपणभूमीवर न्यावे लागते. महाराष्ट्रात अशा सामाईक जागा तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. खानदेशात एकही नाही. वाहतुकीचा खर्च धरला की ‘स्वस्त’ हे विशेषण सैल पडते.

म्हणून या पद्धतीची योग्य जागा मर्यादित आहे. चुन्याने बहुतेक शिसे बसवून झाल्यावर उरलेले थोडे काढण्यासाठी, कमी पाणी असलेल्या लहान कारखान्यात, बंद नळकांड्यात भरलेले शेवाळ किंवा साल उपयोगी पडू शकते. नळकांडे सीलबंद असावे आणि भरले की ते पुरवणाऱ्यानेच परत न्यावे, जसा बॅटरी विक्रेत्यावर जुनी बॅटरी परत घेण्याचा नियम आहे. गावाच्या तलावात जिवंत शेवाळ वाढवून शिसे काढण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी. ते शेवाळ मासे खातात, आणि मासे माणसे खातात. निवळीच्या बीने किंवा तुरटीने घरचे पाणी निवळणाऱ्यांनीही त्या पाण्यात शिसे नाही असे धरून चालू नये. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.